मिडी गिटार निवडताना: आधी तारा आणि ब्रिज, मग पिकअप, सिंथ सर्वात शेवटी

मिडी गिटार म्हणजे तारेवरचा स्वर ओळखून त्याची सूचना सिंथला (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या यंत्राला) देणारी गिटार. तिची खरेदी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून होते. आधी एखाद्या सिंथचे आवाज आवडतात, मग त्याला लागणारं पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) शोधलं जातं आणि ते आपल्या गिटारवर बसत नाही हे शेवटी कळतं. किंवा बसतं, पण सूर चुकतात, भलतेच स्वर उमटतात, आणि दोष सिंथला दिला जातो. खरं तर ट्रॅकिंग (यंत्र स्वर किती अचूक ओळखतं ते) चांगलं की वाईट हे ऐंशी टक्के गिटारवरच ठरतं. तारा कसल्या आहेत, ब्रिज कोणता आहे, पिकअप तारेपासून किती दूर आहे, फ्रेट वाजतात का, या चार गोष्टी नीट असतील तर जुनं, साधं यंत्रही छान चालतं. त्या बिघडलेल्या असतील तर महागडं यंत्र काही करू शकत नाही.

आधी हे ठरवा: मिडीच हवं आहे का?

मिडी म्हणजे आवाज नव्हे, सूचना. कोणता स्वर, किती जोरात, कधी सुरू झाला, कधी थांबला, मध्ये किती वाकला, एवढंच त्यात असतं. त्यामुळे गिटारवरून संगणकातली बासरी, संतूर, व्हायोलिन किंवा पियानो वाजवायचा असेल, वाजवलेलं नंतर स्वर-स्वर दुरुस्त करायचं असेल किंवा वाजवता वाजवता स्वरलेखन उतरवून घ्यायचं असेल, तर मिडीला पर्याय नाही.

पण स्टेजवर दोन गाण्यांत ऑर्गनसारखा आवाज हवा, एवढीच गरज असेल तर मिडीच्या वाटेला जाऊ नका. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बी-९ किंवा मेल-९, बॉसचं एसवाय-२०० अशी पेडलं गिटारच्या नेहमीच्या जॅकवर चालतात. वेगळं पिकअप लागत नाही आणि स्वर ओळखण्याची भानगड नसल्याने उशीरही जाणवत नाही.

तिसरा प्रकार या दोन्हींच्या मधला आहे आणि खरेदीतला सर्वात मोठा गोंधळ त्याच्याबद्दल होतो. बॉस एसवाय-१००० किंवा रोलँडचं जुनं व्हीजी-९९ सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल घेतं आणि त्या सिग्नलवरच प्रक्रिया करून दुसरी गिटार, बदललेलं ट्यूनिंग किंवा सिंथचा आवाज तयार करतं. इथे मुख्य आवाजासाठी मिडीत रूपांतर होत नाही. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीमुळे प्रसिद्ध झालेला रोलँड जीआर-३०० याच जातीचा होता. तो १९८० सालचा, आणि मिडी हे प्रमाण आलंच १९८३ साली. अशा यंत्रांचा प्रतिसाद बोटाला चिकटून असतो, तार ओढली की आवाज तसाच ओढला जातो. मात्र त्यात पियानो किंवा सतारीचे ध्वनिमुद्रित नमुने नसतात. एसवाय-१००० मधून मिडी बाहेर काढून दुसऱ्या सिंथला देता येतं, पण तिथे पुन्हा मिडीच्या मर्यादा आल्याच.

उशीर कुठून येतो

हा भाग समजून घेतला तर पुढची निम्मी निराशा टळते.

स्वर ओळखायचा तर तारेचं किमान एक पूर्ण आवर्तन यंत्राला पाहावं लागतं. सहावी तार मोकळी असताना ८२.४ हर्ट्‌झला कंप पावते, म्हणजे एका आवर्तनाला १२ मिलिसेकंद लागतात. पहिल्या तारेचं हेच आवर्तन ३ मिलिसेकंदांत संपतं. त्यात पिक तारेला लागतानाचा पहिला क्षण म्हणजे नुसता खरखराट असतो, तो सोडून द्यावा लागतो. म्हणून जाड तारेवर साधारण २५ ते ३० मिलिसेकंद आणि बारीक तारेवर १० च्या आत, असा फरक पडतो. सुरुवातीच्या लहरीवरून अंदाज बांधून लवकर उत्तर देणारी यंत्रंही आहेत, पण अंदाज जितक्या लवकर बांधावा तितकी चूक वाढते. ही तारेच्या कंपनाचीच मर्यादा आहे, ती पैसे टाकून पुसता येत नाही.

तिच्याभोवतीने जाता मात्र येतं. खर्जातला बेस वाजवायचा असेल तर तो एक सप्तक वर वाजवा आणि सिंथमध्ये ट्रान्सपोज उणे १२ (म्हणजे बारा अर्धस्वर खाली) ठेवा. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटला १६४.८ हर्ट्‌झ मिळतात, आवर्तन ६ मिलिसेकंदांचं होतं, उशीर जवळजवळ निम्मा होतो. याच कारणासाठी बेस गिटारवर मिडी घेणं सहसा पटत नाही. तिची खर्जाची तार ४१.२ हर्ट्‌झची, एका आवर्तनालाच २४ मिलिसेकंद. बेसचे सिंथ आवाज हवे असतील तर साध्या गिटारवरून ट्रान्सपोज करून वाजवणं जास्त जिवंत लागतं.

आवाजाची निवडही महत्त्वाची. व्हायोलिन समूह, बासरी, पॅड यांची सुरुवात हळू उमलणारी असल्याने त्यात २५ मिलिसेकंद मुरून जातात. पियानो, मरिंबा, तबला यांची सुरुवात टोकदार असते, तिथे तोच उशीर कानाला टोचतो.

जुनी पाच पिनांची मिडी केबल वापरत असाल तर तिचाही थोडा वाटा असतो. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक स्वर पाठवायला जवळपास १ मिलिसेकंद. सहा तारांची कॉर्ड पाठवायला ६ मिलिसेकंद जातात आणि त्यात तारा ओढल्याची माहिती मिसळली की रांग लागते. यंत्राला यूएसबी असेल तर संगणकाकडे जाताना तीच वापरा.

तारा आणि ब्रिज पाहून पिकअप

मिडी पिकअपला प्रत्येक तार वेगळी ऐकू यावी लागते, म्हणून ते सहा छोट्या पिकअपचं बनलेलं असतं. याला हेक्साफोनिक किंवा डिव्हायडेड पिकअप म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार: चुंबकीय आणि पिएझो.

चुंबकीय पिकअप ब्रिज आणि गिटारच्या मागच्या पिकअपच्या मधल्या पट्टीत बसतं. रोलँडचं जीके-३, बॉसचं जीके-५, फिशमन ट्रिपलप्लेचं पिकअप, सगळी याच जातीची. गिटार न कापता बसवता येतात, काढताही येतात. अट एकच: तारा लोखंडी हव्यात. निकेल किंवा स्टीलच्या वेटोळ्याच्या इलेक्ट्रिक तारा उत्तम. अकूस्टिक गिटारच्या फॉस्फर ब्राँझ तारांचा गाभा पोलादाचा असला तरी वरचं वेटोळं चुंबकाला दिसत नाही, म्हणून जाड तारांचा सिग्नल बारीक तारांच्या मानाने दुबळा येतो. नायलॉनच्या तारांवर हे पिकअप चालणारच नाही.

दुसरी अडचण जागेची. खरेदीपूर्वी फूटपट्टी घेऊन तीन मापं लिहून ठेवा: ब्रिजच्या सॅडलपासून (तार जिथे टेकते त्या तुकड्यापासून) मागच्या पिकअपच्या कडेपर्यंत किती मोकळी जागा आहे, तिथे तार आणि गिटारच्या पृष्ठभागात किती उंची आहे, आणि ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर किती आहे. लेस पॉल धर्तीच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर तारा उंच असतात, काम सोपं असतं. स्ट्रॅटोकास्टरवर तारा पृष्ठभागाजवळ असतात. तिथे कधी कधी पिकअपखालची प्लेट कोरावी लागते किंवा ब्रिज उचलावा लागतो. टेलिकास्टरवर मागचं पिकअप ब्रिजच्या पत्र्यातच बसवलेलं असतं, सॅडलच्या पुढची जागा फार अरुंद असते. पिकअपवर छापलेली मापं आणि तुमची मापं जुळत नसतील तर तिथेच थांबा.

फ्लॉइड रोझ किंवा तत्सम ट्रेमोलो ब्रिज असेल तर आणखी एक तपासणी करा. दांडा खाली दाबल्यावर तारा सैल पडून खाली येतात आणि पिकअपला टेकतात. दांडा दाबूनही थोडी जागा उरायला हवी. शिवाय दांड्याने सगळ्या तारांचा सूर एकदम घसरतो तेव्हा यंत्राला सहा पिच बेंड (सूर वाकवण्याच्या सूचना) एकाच वेळी पाठवावे लागतात आणि तिथे हमखास अडखळणं होतं. ज्यांचं वादन ट्रेमोलोवरच उभं आहे त्यांनी स्थिर ब्रिजची दुसरी गिटार मिडीसाठी ठेवावी. ब्रिज लाकडी ठोकळा घालून अडवला तरी चालतं.

पिएझोमध्ये प्रत्येक सॅडलखाली किंवा सॅडलमध्येच एक संवेदक असतो. ग्राफ टेकचे घोस्ट सॅडल आणि आरएमसीचे सॅडल ही याची परिचित उदाहरणं. गोडिनच्या मल्टिअ‍ॅक मालिकेतल्या नायलॉन गिटारमध्ये आरएमसी बसवलेलं येतं. तार कसलीही असो, पिएझोला फरक पडत नाही. वर जागेचा प्रश्न नाही, तारेशी अंतर जुळवायचं नाही. मात्र ते तारेचा कंप सॅडलवरच्या दाबातून ऐकतं, त्यामुळे गिटारच्या अंगावर टिचकी मारलीत तरी सिग्नल येतो, हाताचा तळवा ब्रिजवर आदळला तरी येतो, आणि एका तारेचा धक्का ब्रिजच्या लाकडातून शेजारच्या सॅडलला पोचतो. बसवणंही सोपं नाही. सॅडल बदलायचे, सहा बारीक वायरी आत ओढायच्या, प्रीअँपची (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची) पाटी बसेल एवढी पोकळी करायची, बाजूला १३ पिनांचं सॉकेट कापायचं. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावं. सोल्डरिंग येत असलं तरी लाकूड कोरणं वेगळं.

आमचं मत स्पष्ट आहे: लोखंडी तारांची, स्थिर ब्रिजची इलेक्ट्रिक गिटार हाताशी असेल तर आधी बाहेरून बसणारं चुंबकीय पिकअप घ्या. नायलॉनवर वाजवणाऱ्यांनी गिटार कोरण्यापेक्षा कारखान्यातूनच पिएझो बसवून आलेली गिटार घ्यावी. लोखंडी तारांच्या अकूस्टिक गिटारवाल्यांनी आधी सॉफ्टवेअरचा मार्ग करून पाहावा.

रूपांतर कोण करणार

१३ पिनांचा मार्ग सर्वात जुना आणि पसरलेला. जीके-२ए, जीके-३ आणि बहुतेक पिएझो प्रीअँप याच सॉकेटवर येतात. १ ते ६ पिनांवर सहा तारांचे सिग्नल (१ म्हणजे बारीक तार), ७ वर गिटारचा नेहमीचा आवाज, ८ वर सिंथचा व्हॉल्यूम, १० आणि ११ वर दोन बटणं, १२ आणि १३ वर अधिक आणि उणे ७ व्होल्टचा पुरवठा. वीज सिंथकडून येते, म्हणून गिटारमध्ये बॅटरी लागत नाही. या बाजूला लावता येणारी यंत्रं: नुसतं मिडीत बदलणारं जीआय-२०, स्वतःचे आवाज असलेली जीआर-३३ आणि जीआर-५५, आणि वर सांगितलेलं एसवाय-१०००. यांतली एसवाय-१००० सोडली तर बाकीची वापरलेलीच मिळतात. जुन्या बाजारात २४ पिनांच्या गिटारही दिसतात, त्या जीआर-३००च्या काळातल्या. त्यांचा १३ पिनांशी थेट मेळ बसत नाही.

बॉसने २०२३ साली सिरियल जीके ही नवी जोडणी आणली. यात सहा सिग्नल गिटारवरच डिजिटल होतात आणि टीआरएस (तीन संपर्कांच्या) प्लगच्या एका केबलमधून जातात. जीके-५ पिकअप आणि जीएम-८०० सिंथ ही त्याची पहिली जोडी. १३ पिनांचा जाडजूड प्लग गेला, केबल पायात येऊन पिन वाकण्याची भीती गेली, हा मोठा फायदा. जुनं जीके-३ नव्या जीएम-८००ला लावायचं असेल तर मध्ये जीकेसी-एडी हा रूपांतरक लागतो. नवं जीके-५ जुन्या १३ पिनांच्या यंत्राला लावायचं असेल तर जीकेसी-डीए. हे डबे विकत घेण्याची किंमत आधीच हिशोबात धरा. जोडीची खरेदी करताना बरेच जण हे विसरतात आणि प्लग हातात धरून बसतात.

फिशमन ट्रिपलप्ले वेगळ्या वाटेने जातं. पिकअपला जोडलेल्या छोट्या डब्यातच स्वर ओळखले जातात आणि मिडी बिनतारी पद्धतीने यूएसबी रिसीव्हरकडे जातं. संगणकातल्या वाद्यांसाठी हा सर्वात सुटसुटीत मार्ग. मर्यादा ही की त्यातून मिडीच बाहेर येतं, तारांचा मूळ ध्वनी येत नाही. त्यामुळे एसवाय-१०००सारख्या यंत्राला ते उपयोगी नाही. त्याचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, तिथेच वाय-फाय आणि ब्लूटूथही असतात, आणि यूएसबी ३च्या पोर्टमधूनही याच पट्ट्यात गोंगाट येतो. रिसीव्हर लॅपटॉपला थेट खोचू नका. अर्धा-एक मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शनने तो गिटारच्या समोर, मोकळ्यावर ठेवा. स्वर गाळले जाण्याच्या तक्रारी एवढ्यानेच पुष्कळ कमी होतात.

जॅमस्टिकच्या गिटारमध्ये पिकअप आणि रूपांतर दोन्ही आतच असतं, यूएसबीने संगणकाला जोडायची. नवी गिटार घ्यायचीच असेल आणि काम मुख्यतः घरच्या ध्वनिमुद्रणाचं असेल तर तिचा विचार जरूर करा.

शेवटचा मार्ग सॉफ्टवेअरचा. जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे साध्या गिटारच्या साध्या जॅकमधून आलेल्या मिश्र आवाजातून एकाच वेळी अनेक स्वर ओळखतं. ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप किंवा आयपॅड एवढं पुरे. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्‌झ, बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा ध्वनीचा तुकडा) १२८ नमुन्यांवर ठेवला तर एका दिशेला २.७ मिलिसेकंद लागतात. संगणक झेपत असेल तर ६४ करा. विंडोजवर एएसआयओ (कमी उशिराचा ध्वनी) ड्रायव्हर हवाच, नाहीतर उशीर असह्य होतो. सुरुवात पुढच्या म्हणजे नेक पिकअपने करा, टोन पूर्ण उघडा, डिस्टॉर्शन आणि कॉम्प्रेसर बंद ठेवा. एक मोठी मर्यादा मात्र लक्षात घ्या: कोणता स्वर कोणत्या तारेवर वाजला हे साध्या जॅकमधून खात्रीने कळत नाही. प्रत्येक तारेला वेगळा आवाज द्यायचा असेल, किंवा कॉर्डमधली एकच तार ओढायची असेल, तर हेक्साफोनिक पिकअपच लागतं. तरीही पैसे घालण्यापूर्वी मिडी आपल्या वादनाला जमतं का, हे पाहण्याची हीच सर्वात स्वस्त परीक्षा आहे.

पिकअप बसवणं

यात घाई केलीत की पुढचं सगळं बिघडतं. निम्मा दिवस राखून ठेवा.

सुरुवात नव्या तारांपासून करा. पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंची ठीक. जुन्या, गंजलेल्या तारेची जाडी ठिकठिकाणी बदललेली असते, तिचे उपस्वर सरळ गुणाकारात राहत नाहीत आणि यंत्र गोंधळतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेमुळे साध्या तारा लवकर गंजतात. तिथे लेप दिलेल्या तारा घ्या आणि वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा.

मग गिटारचं सेटअप. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळेपर्यंत सॅडल पुढे-मागे करा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहा. फ्रेटवर तार किंचित जरी थरथरली तरी ती उंच उपस्वर जन्माला घालते, आणि यंत्र एक सप्तक वरचा स्वर ऐकतं. तारा फार खाली असतील तर थोड्या उचला. मिडीसाठी तारांची उंची नेहमीपेक्षा किंचित जास्त असलेली चालते, कमी असलेली चालत नाही.

आता पिकअप. ते ब्रिजच्या जितकं जवळ जाईल तितकं न्या, कारण तिथे तारेचा झोका कमी असतो आणि ती आपल्या संवेदकाच्या बाहेर जात नाही. प्रत्येक तार आपापल्या खुणेच्या बरोबर मधोमध हवी. उंचीसाठी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तार व पिकअपच्या मध्ये सुमारे १ मिलिमीटर अंतर ठेवा. मापायला फीलर गेज नसेल तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते (आकडे उठावदार नसलेला भाग वापरा), त्यावर साध्या छपाईच्या कागदाचे दोन-तीन तुकडे ठेवले की १ मिलिमीटर झाला. सहाव्या आणि पहिल्या तारेखाली हे अंतर सारखं येईपर्यंत दोन्ही टोकांखाली पातळ पट्ट्या सारा. अंतर जास्त राहिलं तर सिग्नल दुबळा येतो आणि शेजारच्या तारा मिसळतात. फार कमी झालं तर जोरात वाजवताना तार पिकअपवर आपटते.

आधी तात्पुरतं चिकटवून दोन-तीन दिवस वाजवा, मगच पक्कं करा. गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर दुहेरी टेप थेट लावू नका, तिचा डिंक लॅकरला खातो. तिथे पिकअप-रिंगवर आधार घेणारी पट्टी किंवा स्क्रू वापरा. जीके-३चा कंट्रोल डबा हाताला लागत नाही आणि केबलवर ओढ बसत नाही, अशा ठिकाणी ठेवा. १३ पिनांची केबल पट्ट्याच्या मागून एक वळसा देऊन आणा.

यंत्रातली सेटिंग

रोलँड आणि बॉसच्या यंत्रांत जीकेची (म्हणजे या पिकअपची) वेगळी सेटिंग असते आणि प्रत्येक गिटारसाठी ती वेगळी साठवता येते. पिकअपचा प्रकार निवडा, पिएझो असेल तर कोणत्या बनावटीचा तेही. स्केल लांबी भरा: स्ट्रॅटची ६४८ मिलिमीटर, लेस पॉलची ६२८. प्रत्येक तारेच्या सॅडलपासून पिकअपच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून भरा, अंदाजाने नको. पिकअप उलटं बसवलं असेल तर दिशा रिव्हर्स करा.

सेन्सिटिव्हिटी हा खरा गाभा. एकेक तार तुम्ही प्रत्यक्ष वादनात जास्तीत जास्त जितक्या जोरात वाजवाल तितक्या जोरात वाजवा आणि मीटर वरच्या टोकाच्या किंचित खाली थांबेल असं ठेवा. सहाही तारांची पातळी सारखी येऊ द्या. बहुतेक गिटारवर तिसरी, वेटोळं नसलेली तार जास्त जोरकस येते, तिला कमी करावं लागतं. सेन्सिटिव्हिटी कमी पडली तर हळू वाजवलेले स्वर गळतात, जास्त झाली तर न वाजवलेल्या तारा बोलू लागतात.

पुढचं आहे मोनो मोड. सहा तारा सहा चॅनलवर पाठवा, १ ते ६. सगळ्या एकाच चॅनलवर पाठवल्या तर एक तार ओढली की पूर्ण कॉर्ड ओढली जाते. पिच बेंडची मर्यादा पाठवणाऱ्या यंत्रात आणि सिंथमध्ये तंतोतंत सारखी हवी. यंत्रात १२ अर्धस्वर आणि सिंथमध्ये मूळचं २ राहिलं, तर तुम्ही तार दोन अर्धस्वर ओढता आणि ऐकू येतो फक्त एक तृतीयांश अर्धस्वर. उलट सिंथमध्ये २४ असेल तर चार अर्धस्वर ऐकू येतात. मींड घेणाऱ्यांनी दोन्हीकडे १२ ठेवावं. एकाच तारेवर सप्तकाहून लांब घसरण घेत असाल तर २४. एमपीई (प्रत्येक स्वराला वेगळं चॅनल देणारी मिडीची पद्धत) असलेल्या सिंथमध्ये मूळ मर्यादा ४८ असते, तिथे हे आधी पाहा. एमपीईत पहिलं चॅनल सामायिक असतं आणि स्वर दुसऱ्यापासून सुरू होतात, हेही ध्यानात ठेवा. एबलटन लाइव्ह या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एमपीई ११व्या आवृत्तीपासून आहे. लॉजिक या तशाच सॉफ्टवेअरमध्ये वाद्याच्या सेटिंगमध्ये मिडी मोनो मोड सुरू करावा लागतो.

पियानो, हार्मोनियम, संतूर असे न वाकणारे आवाज वाजवताना बेंड बंद करा, म्हणजे क्रोमॅटिक मोड निवडा. नाहीतर बोटाच्या साध्या दाबाने सूर हलतो आणि पियानो बेसूर लागतो. बासरी, सारंगी, व्हायोलिन यांना बेंड सुरूच हवा.

बिघाड ओळखायचा कसा

न वाजवलेले स्वर उमटत असतील तर आधी सेन्सिटिव्हिटी पाहा, मग डावा हात. बोट उचलताना मोकळी तार छेडली जाते, ती यंत्राला पूर्ण स्वर वाटते. नटजवळ तारांभोवती केसांचा कापडी रबर किंवा फोमची पट्टी गुंडाळली की मोकळ्या तारांची कुरकुर थांबते, पण मग मोकळ्या तारा वाजवता येत नाहीत.

एक सप्तक वरचा स्वर येत असेल तर फ्रेटवर थरथर, जुनी तार किंवा ब्रिजच्या फार जवळ पिक मारणं, यांतलं काहीतरी आहे. पिक थोडी पुढे, नेककडे मारा. मूळ स्वर तिथे जास्त ठळक असतो. एकच स्वर दोनदा वाजत असेल तर पिक तारेवर घासतेय किंवा तार पिकअपला टेकतेय. पाम म्यूट (तळव्याने तार दाबून) केलेले स्वर मिडीत नीट येणारच नाहीत, कारण ओळखायला लागणारा काळ संपण्याआधी ते विझतात. तोच भाग मोकळा वाजवा आणि सिंथमध्ये स्वर छोटा करा. स्लाइड गिटारचंही तसंच आहे, तिथे मिडीपेक्षा एसवाय-१०००सारखी थेट प्रक्रिया करणारी यंत्रं जमतात.

एक तार पूर्ण गप्प आणि बाकी ठीक, तर १३ पिनांची केबल बदलून पाहा. सहापैकी एकाच पिनची वायर तुटलेली असणं हा या केबलचा नेहमीचा आजार आहे. गुरगुर ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुरगुर थांबली तर दोष अर्थिंगचा. सगळी यंत्रं एकाच तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. दोन पिनांच्या चार्जरमुळे तारांना हात लावताच झिणझिण्या येत असतील तर आधी ते दुरुस्त करा, मग वाजवा.

वापरलेलं घेताना

परदेशातून आणलेल्या यंत्राच्या अ‍ॅडॅप्टरवर १००–२४० असं छापलंय का पाहा. नुसतं १०० किंवा १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो तत्काळ जळतो. त्याच व्होल्टेजचा, तितक्याच करंटचा आणि त्याच ध्रुवतेचा इथला अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागेल. संगणकाला जोडायचं असेल तर तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर अजून मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी निर्मात्याच्या डाउनलोड पानावर तपासा. ड्रायव्हर नसला तरी पाच पिनांचा मिडी आउट असेल तर साध्या यूएसबी-मिडी केबलने काम भागतं.

समोर बसून तपासताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या. सहाही तारांचे मीटर हलतात का पाहा. केबलचा प्लग सॉकेटजवळ हलकेच हलवा, आवाज तुटला तर सॉकेटचं सोल्डर उखडलंय. मग पियानोचा आवाज लावून क्रोमॅटिक मोडमध्ये प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत सावकाश वाजवा. जिथे स्वर गळतो ती जागा लिहून ठेवा आणि तीच जागा साध्या अँपवर ऐका. तिथेही तार थरथरत असेल तर दोष गिटारचा. तिथे स्वच्छ असेल तर यंत्राचा किंवा पिकअपचा, आणि मग किमतीबद्दल बोलायला मोकळे.